टाच घासायच्या दगडाचं गाव

सकाळी सव्वानऊला मी घर सोडलं. पिशवीत एक दगड होता, दुसरं काही नव्हतं. डबा आणू नका, असं कॉलेजातल्या मुग्धाने फोनवर सांगितलं होतं. दगड सोललेल्या नारळाएवढा, पण वजनाला साडेतीन किलो. जन्मभर मासळी विकली, त्यामुळे हातात घेतलं की कळतं. डावा खांदा दोन वर्षांपासून धरलाय, म्हणून पिशवी उजव्या हातात घेतली आणि कोळीवाड्यातून चालत बाहेर पडले.

आमच्या महिला मंडळाच्या पाडव्याच्या अंकात दर वर्षी कोणीतरी प्रवासाचं लिहितं. गेल्या वर्षी दुबई झाली, त्याआधी काश्मीर. यंदा मला सांगितलं. मी म्हटलं, मी ठाण्याहून कल्याणला गेले होते, तेवढंच लिहीन. चालेल म्हणाल्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर सुधारून घ्या.

आधी दगडाचं सांगते. तो आमच्या मोरीत (न्हाणीच्या जागेत) होता, मला कळतं तेव्हापासून. त्यावर माझ्या आईने टाचा घासल्या, मी घासल्या, माझ्या दोन्ही सुनांनी घासल्या. हळदीच्या आदल्या दिवशी नवरी मुलीच्या टाचा त्यावरच घासायच्या, अशी आमच्या आळीची रीत. शेजारच्या मुलीही यायच्या. घासून घासून त्याची एक बाजू गुळगुळीत झाली आणि त्या बाजूला चांदण्या उमटल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकीला एक चिकटून. आम्ही त्याला चांदणीचा धोंडा म्हणायचो. त्यापुढे कोणी विचार केला नाही.

मुग्धा ठाण्याच्या एका कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवते आणि डोंबिवलीला राहते. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्यासाठी पापलेट घ्यायला आमच्या दारात आली. मी मोरीच्या कडेवर बसून टाच घासत होते. ही बाई माझ्या पायाकडे टक लावून बघत राहिली. मी म्हटलं, "काय गं, टाच कधी बघितली नाहीस?"

ती म्हणाली, "मावशी, जरा पाय उचलता?"

मग तिने सांगितलं की हे पोवळं आहे, समुद्रात जगलेलं, मरून दगड झालेलं, आणि त्याची जात आता कुठेच जिवंत नाही. तिने झोळीतून वही काढली, पेन काढलं आणि विचारलं, "हा कुठून आणलात?"

मी म्हटलं, "इथलाच. मागच्या विहिरीत सापडला. विहीर आता बुजवलीय."

तिने लिहून घेतलं. पापलेट विसरून गेली.

टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू उतरवत होते. रस्ता निम्मा बंद. एक बांबू माझ्या डोक्यावरून फिरला तसा ट्रकवरचा माणूस ओरडला, "आजी, बघून चाला!" मी म्हटलं, "मी सरळच चाललेय. बांबू वाकडा चाललाय." तो हसला आणि बांबू मागे घेतला. पुढे एक बाई झेंडूची पोती सोडत होती. तिने पिशवीकडे बघून विचारलं, नारळ का? मी हो म्हटलं. दगड सांगितला असता तर उभं राहून सगळं सांगावं लागलं असतं.

कॉलेजचे तीन जिने चढले. मुग्धा वर उभी होती, पिशवी घ्यायला धावली. खोलीत भिंतभर कपाटं, कपाटांत खण, खणांत दगड. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव आणि नावाखाली गाव. कोणी कच्छचा, कोणी तमिळनाडूचा. बिनगावाचा दगड मला एकही दिसला नाही.

तिने आमचा दगड वाळूच्या थाळीत ठेवला, वर दिवा लावला आणि माझ्या हातात भिंग दिलं. पोवळं म्हणजे अंगठीतलं लाल, एवढंच मला माहीत होतं.

"प्रत्येक चांदणी म्हणजे एक घर, मावशी. त्यात एकेक जीव बसायचा. जात ठरवायची तर पहिलं हे बघायचं, की दोन शेजाऱ्यांत भिंत एकच आहे की दोघांची वेगळी."

मी बघितलं. "एकच आहे. आमच्या आळीसारखी."

"बरोबर. आता आतले पडदे मोजा. मोठे तेवढेच."

दहा होते. दुसऱ्या घरात मोजले, तिथेही दहा. तिसऱ्यात मोजताना डोळा ओला झाला, भिंगाचा ताण पडतो. प्रत्येक घराच्या मधोमध एक खुंटी होती, चुलीत रोवलेल्या काडीसारखी.

"याच्या जवळच्या भावंडांमध्ये आठ पडदे असतात. याला दहा. एखाद्या घरात चूक होऊ शकते, पण इथे सगळीकडे दहा. म्हणून ही जात वेगळी, आणि हिला अजून नाव नाही." मग ती म्हणाली, "एरवी असा दगड कापून महिनाभर घासावा लागतो तेव्हा एवढं दिसतं. तुमच्या घरातल्या बायकांनी माझं काम केलंय."

मला यात काही अवघड वाटलं नाही. घोळ माशाचं पिल्लू आणि ढोमा मासा शेजारी ठेवला तर गिऱ्हाईक फसतं, आम्ही फसत नाही. दोघांच्या डोक्यात पांढरा खडा असतो, पण खड्याची घडण वेगळी. जात ओळखायची म्हणजे काय वेगळं आहे ते शोधायचं आणि ते दर वेळी तसंच आहे का ते बघायचं. त्यासाठी कॉलेज लागतं असं नाही, पण चिठ्ठ्या लिहायला लागत असेल.

नावाचंही तिने समजावलं. नाव दोन शब्दांचं. पहिला घराण्याचा, तो ठरलेला. दुसरा जातीचा स्वतःचा, तो पहिल्यांदा ओळखणाऱ्याने द्यायचा. आणि ते नाव नुसतं कागदावर राहत नाही, एका दगडाला बांधलेलं असतं. तो दगड संग्रहालयात कायमचा ठेवायचा. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने येऊन तोच दगड बघायचा.

"म्हणजे हा परत मोरीत येणार नाही," मी म्हटलं.

"नाही, मावशी. तुम्ही हो म्हणालात तर."

तिने टेबलावर कागद ठेवला. वर तिचं नाव, खाली दगडाचं. दुसरा शब्द ठाण्यावरून केलेला, मागे लॅटिन शेपूट लावून. त्याच्या शेजारी दुसरा कागद होता, पत्राचा. लेख छापण्याआधी दोन जाणकार वाचतात म्हणे. त्यांतल्या एकाने लिहिलं होतं, ठाण्याखाली सगळा काळा पाषाण आहे, ज्वालामुखीतून आलेला. त्यात खणलेल्या विहिरीत समुद्रातलं पोवळं निघणार नाही. पुरावा द्या, नाहीतर लेख मागे घ्या.

"मी परिषदेत उभी राहून सांगितलंय की ठाण्यात निघाला," मुग्धा म्हणाली. "आमच्या विभागातले सर मला विहीरवाल्या बाई म्हणतात. तोंडावर म्हणतात. लेख मागे घेतला तर दोन वर्षं गेली, आणि पुढच्या वेळी माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून उद्या फोटोग्राफर घेऊन येते. विहीर बुजवलीय तरी जागा दिसेल ना?"

"विहीर बुजवलेली नाही," मी म्हटलं. "विहीर नव्हतीच कधी."

ती खुर्चीत बसली. समोरचं पत्र उलटं करून ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "का सांगितलंत, मावशी?"

का ते इथे लिहिते. माझे वडील केवडा नावाच्या गलबताचे तांडेल (गलबत चालवणारे) होते. कौलं आणि लाकूड घेऊन कच्छापर्यंत जायचे. मी तिसरीत होते तेव्हा एका खेपेला एका व्यापाऱ्याचं कापड भरलं होतं आणि त्याचे कागद पुरे नव्हते. बंदरावर कस्टमच्या साहेबाने वही काढून आमच्या एका खलाशाला विचारलं, कापड कुठून आणलं? त्याने होतं ते सांगितलं. गलबत जप्त झालं, दोन पावसाळे चिखलात पडून राहिलं आणि मोडीत निघालं. त्यानंतर आमच्या घरात शिस्त लागली. हातात वही घेऊन कोणी विचारलं, हे कुठून आणलं, की उत्तर एकच, इथलंच. चटई इथलीच. हंडा इथलाच. शाळेत बाईंनी विचारलं, खजूर कुठून आणलास, तर मी त्यांनाही सांगितलं, इथलाच, मागच्या झाडाचा. बाई तीन दिवस ते झाड बघायला मागत होत्या. मुग्धाने वही काढली आणि माझ्या तोंडून तेच आलं. विहीर मात्र माझी स्वतःची भर.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती रागावली नाही, किंवा रागावली असेल तर दाखवलं नाही. तिने विचारलं, "मग खरं कुठला आहे?"

"मला माहीत नाही. वडिलांनी आईसाठी आणला एवढंच ऐकलंय. पण माझा हिरामामा केवड्यावर खलाशी होता. नव्वदीच्या पुढे आहे, कल्याणला नातवाकडे असतो. त्याला ठाऊक असेल."

"आत्ता जाऊ या?"

"आत्ताच. त्या वयाच्या माणसाला उद्याची वेळ देऊ नये."

जाताना डोंबिवलीला तिच्या घरी थांबायचं ठरलं, कारण दगडाचा कापलेला तुकडा तिथे होता. रिक्षावाला भिवंडीकडचा होता, तोंडाने अखंड चालू. माजिवड्याला त्याने विचारलं, "आजी, डॉक्टरकडे का?" मी म्हटलं, "नाही, दगडाचं गाव शोधायला." तो आरशातून मुग्धाकडे बघून म्हणाला, "मॅडम, यांना संभाळा हां." मग माणकोलीपर्यंत गप्प बसला.

माणकोलीच्या फाट्यावर पोलिसाने रिक्षा थांबवली. पिशवी हातात घेऊन बघितली, जड लागली म्हणून उघडली.

"हे काय?"

"दगड."

"दगड ते दिसतंय. कुठून आणला?"

मुग्धाने माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हटलं, "तेच विचारायला चाललोय." त्याने पिशवी परत दिली आणि हाताने जा म्हटलं.

नव्या पुलावरून खाडी चांगली दिसते. पाणी ओहोटीचं होतं, कडेला काळा गाळ, त्यात एक होडी कलंडलेली. लहानपणी डोंबिवलीच्या मोठागावला होडीने यायला भरतीची वाट बघावी लागायची. आता पुलावरून जाताना मी पिशवीची गाठ सोडवून पुन्हा मारली, तेवढ्यात मोठागाव आलं.

मुग्धाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिच्या सासूबाईंनी दार उघडलं. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. म्हणाल्या, "या या. तुम्हीच ना त्या विहिरीच्या आजी?"

"आई, विहीर नव्हती," मुग्धा म्हणाली.

"मग काय होतं?"

"खोटं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मला आत घेऊन खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "पोह्यांवर खोबरं चालतं ना तुम्हाला?"

दडपे पोहे खाल्ले. चांगले होते, मिरची कमी होती. मुग्धाने कपाटातून डबी आणली. गेल्या वर्षी तिने आमच्या दगडाची एक कड बोटभर रुंद कापून नेली होती आणि बाकीचा परत आणून दिला होता, कारण सुना रोज विचारायच्या, आमचा धोंडा कधी येणार. त्या कडेचा एक पापुद्रा तिने काचेवर चिकटवून इतका घासला होता की उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसत होतं. सगळ्या घरांत दहा दहा पडदे.

"आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललंय," सासूबाई मला म्हणाल्या. "जेवताना सुद्धा दहा. मी म्हणते, अगं, पोळ्या किती खाल्ल्यास ते मोज."

"तुमची सून काही चुकलेली नाही," मी म्हटलं. "चुकले मी." त्यांनी मला आणखी पोहे वाढले.

तिथून दुसरी रिक्षा. ठाकुर्लीच्या पुलावरून पूर्वेला उतरलो, नव्वद फुटी रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना उंच इमारती, खाली औषधांची दुकानं. पत्रीपुलाच्या आधी रिक्षाचं मागचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर चाक बदलू लागला तर त्याला रिक्षाखाली लावायला दगड मिळेना, सगळीकडे सिमेंट. त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं. मुग्धा अशी किंचाळली की तो दोन पावलं मागे गेला. शेवटी पेरूच्या गाडीवाल्याने वीट दिली. तेवढ्यात मी दोन पेरू खाल्ले.

हिरामामाचा नातू दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला खाडीजवळ राहतो, तळमजल्यावर. नातसून रेखा घरी होती. मामा खिडकीशी खाटेवर बसलेला. त्याला आता दिसत नाही, उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"कोन गो?"

"यमी."

"यमी? मोठी जालीस का म्हातारी जालीस?"

"म्हातारी."

"मंग बस. सांगतीला कोन हाय?"

"ठाण्याच्या कॉलेजातल्या बाई आहेत. तुला एक विचारायचंय."

मुग्धाने वही उघडली. पान उलटल्याचा आवाज झाला. मामाने मान वळवली.

"वही हाय काय तिच्या हातान?"

"आहे."

मी दगड त्याच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मामा, हा आमच्या मोरीतला धोंडा. कुठून आणलेला?"

त्याने दगडाला हातही लावला नाही. म्हणाला, "हिथलाच."

मुग्धाने डोळे मिटून घेतले. मला हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. ज्या खलाशाने कस्टमच्या साहेबाला खरं सांगितलं आणि केवडा घालवला, तो हिरामामाच. वडील त्याला कधी टाकून बोलले नाहीत, पण पुढे दुसऱ्या गलबतावर गेले तेव्हा त्याला सोबत नेलं नाही. तो खाडीत रेती काढत राहिला.

रेखाने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. मुग्धा मासळी खात नाही, तिने भाकरी लोणच्याशी खाल्ली. रेखाच्या बोलण्यावरून मामाला ते कळलं. म्हणाला, "बोंबील नाय खात? मंग काय दगड खातंस गो?"

"सध्या तेच खातेय, मामा," मुग्धा म्हणाली. मामा हसला. तिने वही मिटून झोळीत टाकली आणि झोळी दाराबाहेर नेऊन ठेवली. हे तिला मी सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी दगड जमिनीवर ठेवला, गुळगुळीत बाजू वर करून, आणि मामाचा पाय उचलून त्यावर टेकवला. त्याने टाच एकदा पुढे नेली, एकदा मागे.

"आजून खरखरीत हाय कडेला," तो म्हणाला.

"कोणी आणला, मामा?"

"म्या. तुज्या बापाने नाय." त्याने पाय काढला नाही. "तुजी आय गरोदर व्हती, टाचा फाटून रगत यायचा. खेपेवरून खाली येताना गलबतान नीरम भरला (रिकामं गलबत उलटू नये म्हणून तळाशी टाकायचा दगडधोंडा), त्यातला यो म्या बाजूला काडून ठेवला. बहिनीसाठी."

"नीरम कुठे भरलं?"

त्याने मान खिडकीकडे वळवली. आत रेखा भांडी घासत होती.

"मना एकदा इचारला, म्या सांगितला. केवडा गेला."

मी म्हटलं, "मामा, आता जप्त करायला काही उरलेलं नाही. केवडा नाही, बाबा नाहीत, तो साहेबही मेला असेल. राहिला हा दगड, तो मी स्वतःच देतेय. तू नाही सांगितलंस तर या बाईचं जप्त होईल. दोन वर्षांचं काम आहे तिचं, आणि ते माझ्या खोट्यामुळे अडलंय."

"तू काय खोटा सांगितला?"

"हिथलाच. विहिरीतला."

"इहिर कंची?"

"नव्हतीच."

मामा हसायला लागला. दात नाहीत, त्यामुळे आवाज न येता नुसता हलत होता. हसून झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि सांगितलं.

कच्छात, कोटेश्वराच्या पलीकडे. तिथे किनाऱ्याला नुसता चिखल, दगड नाही. म्हणून एका कोरड्या वहाळातून (ओढ्यातून) आत जावं लागायचं, डोक्यावर पाटी घेऊन, अर्धा तास. मग पिवळ्या मातीची दरड लागते, दोन पुरुष उंच. दरडीत वरच्या अंगाला आडवी ओळ आहे, तिथे असे धोंडे रुतलेले, पावसात सुटून खाली पडतात. पडलेलेच उचलायचे. दरडीसमोर एक पडकी बारव. तिचं पाणी खारट. तीन वेळा तिथेच नीरम भरलं, कारण दुसरीकडे धोंडे हलके नाहीतर ठिसूळ.

मुग्धा मांडी घालून त्याच्या पायाशी बसली होती. तिने एक अक्षर लिहिलं नाही. फक्त एकच विचारलं, "मामा, ओळ आडवी होती? वरच्या अंगालाच? खाली नव्हते?"

"खाली निसती माती. वर धोंड्यांची ओल. भाकरीन कांदा घालतान तशी."

"तो थर मला ठाऊक आहे," ती मला म्हणाली. "पण एवढ्या पश्चिमेला तो उघडा पडलाय हे माहीत नव्हतं. मी जाऊन बघेन. तिथे दहा पडद्यांचं मिळालं तर नाव टिकेल. नाही मिळालं तर नाही."

"आणि नाव?" मी विचारलं. "ठाणं तर गेलं."

"ठाणं गेलंच. तुमचं देऊ?"

"माझं कशाला? मी टाच घासली आणि खोटं बोलले. या दोन्हीसाठी कोणाचं नाव देत नाहीत."

"मामांचं?"

मामाने जोरात मान हलवली. "माजा नाव वहीन नको."

मग मुग्धा म्हणाली, "समुद्रातून काही वर आलं, की ते आणणाऱ्या जहाजाचं नाव द्यायची पद्धत आहे. पुष्कळ जातींना दिलेलं आहे. गलबताचं चालेल?"

मामाने पाय लांब केला. त्याने पुन्हा टाच दगडावर ठेवली.

"केवडा लिवायचा?" त्याने विचारलं. "निस्ता केवडा?"

"मागे थोडं शेपूट लागेल."

"लागंना का. शिडाला पन लागतो."

निघताना त्याने स्वतःच झोळी आत आणायला सांगितली आणि मुग्धाला म्हणाला, आता लिव, मी पुन्हा सांगतो. वहाळ, दरड, ओळ, बारव, सगळं त्याच क्रमाने पुन्हा सांगितलं, हळूहळू. साहेबाला सांगितलं असेल तसंच. मी खिडकीतून खाडी बघत बसले. भरती लागली होती.

दगड मुग्धाकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, मी म्हटलं, पिशवी पण घे, मला काय करायची आहे. कल्याणहून ठाण्याची बस मिळाली, खिडकी मिळाली, झोप लागली. जाग आली तेव्हा ठाणं आलं होतं. टेंभी नाक्यावर सकाळचे बांबू आता उभे होते.

आमच्या आळीच्या तोंडाशी शेजारीण पार्वती जाळं विणत बसली होती. "कुठून आलीस गं?" तिने विचारलं.

"इथूनच," मी म्हटलं आणि चार पावलं पुढे गेले. मग मागे आले. "इथून नाही. कल्याणहून आले. हिरामामाकडे गेले होते. त्याआधी डोंबिवलीला थांबले, पोहे खाल्ले. त्याआधी कॉलेजात होते."

पार्वती म्हणाली, "एवढं कुठे विचारलं मी?"

मोरीत सून कपडे धूत होती. दगडाची जागा ओली राहिली होती, गोल. तिने विचारलं, "धोंडा?" मी म्हटलं, "दिला." दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून प्लास्टिकची घासणी आणली. ती चार महिन्यांत झिजली, दुसरी आणली.

दिवाळीनंतर मुग्धा कच्छला जाऊन आली. वहाळ सापडला, तो आता अर्धा बुजलाय. बारवेचं पाणी तिने चाखलं, खारट होतं. दरडीच्या वरच्या ओळीत तिला तसेच धोंडे मिळाले. तिने तिथे उन्हात बसून पडदे मोजले आणि तिथूनच मला फोन केला. मी पहिलं विचारलं, "किती?" ती म्हणाली, "दहा." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

लेख छापून आला तेव्हा ती पानं घेऊन घरी आली. इंग्रजी मला येत नाही, म्हणून तिने बोट ठेवून सांगितलं. इथे नाव. इथे दगडाचं गाव. इथे लिहिलंय की हा दगड ठाण्यातल्या विहिरीत सापडला असं आधी सांगितलं गेलं होतं, ते चुकीचं होतं. ही ओळ मीच घालायला लावली होती. ती आधी नको म्हणत होती, मावशी, तुमची बदनामी होईल. मी म्हटलं, माझं नाव त्यात नाही, मग बदनामी कोणाची? आणि नसती घातली तर पुढचा कोणी येऊन आमच्या आळीत विहीर शोधत बसेल.

त्या पानाची एक प्रत घेऊन मी पुन्हा कल्याणला गेले, या वेळी एकटीच. मामाच्या हातात कागद दिला आणि त्याचं बोट नावावर ठेवलं.

त्याने विचारलं, "यो मोडता येल का कोनाला?"

मुग्धाने मला ते आधीच समजावलं होतं. एकदा नियमाने दिलेलं नाव मागे घेता येत नाही. पुढे कोणी म्हणालं की पडदे मोजताना चूक झाली, तरी ते नाव वह्यांत राहतंच, त्या दगडाला बांधलेलं. मी मामाला म्हटलं, "नाही. मोडता येत नाही."

त्याने कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. रेखाने विचारलं, "आजोबा, कसला कागद?"

"केवड्याचा," तो म्हणाला. "कागद पुरे हायत."